सरकारी कढई

रायभानला जाऊन तीन महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात भावकीतल्या बायकांनी गोपिकाचे हसणे दोनदा पकडले होते.

पहिले हसणे विहिरीवरचे. शेजारची झुंबरबाई धनगरीण. तिच्या मेंढ्याने आबाराव पाटलांच्या वाळत घातलेल्या पागोट्याचा शेव चावून खाल्ला होता. घागर भरता भरता झुंबरबाई सांगत होती, "पाटील म्हणते, 'तुझ्या मेंढ्याला वळण न्हाई.' म्या म्हणलं, 'पाटील, तुमचं पागोटं पोटात गेलंय त्याच्या, आता तरी येईल.'" गोपिकाच्या हातून दोर निसटता निसटता राहिला. ओठ दाबूनही हसू बाहेर आले, आणि पलीकडे धुणे आपटणाऱ्या चुलत जावेने मान वर केली.

दुसरे हसणे घरातले होते. सासू बायनाबाई पडल्या पडल्या म्हणाली होती, "यमाला दात तेवढे आवडले गं माझे. तेवढेच घेऊन गेला." भिंत मातीची होती आणि भिंतीला पलीकडून कान होते.

दोन्ही खबरा आबारावांच्या ओसरीवर पोचल्या. आबाराव गावचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे, आणि भावकीतले वडीलधारे. त्यांचा निरोप आला, "दुःखाचं घर हाय. आब राखावा."

ज्यांनी हा निरोप धाडला त्यांच्या दावणीला तीन बैलजोड्या होत्या. रब्बीच्या पेरणीला गोपिकाने त्यांतली एक जोडी दोन दिवसांसाठी मागितली, तेव्हा एकीलाही सवड नव्हती. शेवटी झुंबरबाईच्या नवऱ्याने आपले बैल दिले आणि चाड्यावर मूठ गोपिकाने स्वतः धरली. त्या दिवशी बांधावर भावकीतले कोणी फिरकले नाही. दुःखावर नजर ठेवायला मात्र सगळ्यांना सवड होती. ती रडते का, किती रडते, दारी आलेल्या बाईच्या गळ्यात पडते की नुसतीच पदर डोळ्यांना लावते, याची चर्चा विहिरीवर, पाणंदीत, देवळाच्या पायरीवर बिनचूक होत असे.

त्यामुळे त्या घरातले सुख चोरून भोगावे लागे. सुख तरी केवढे! दुपारी गोपिका तांब्याच्या घंगाळात पाणी भरून अंगणात उन्हाला ठेवी आणि ते कोमट झाले की सासूच्या पायांवर धार धरी. बायनाबाईला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. पाण्याची धार घोट्यावर पडली की ती डोळे मिटून घेई; जणू दिसत असते तरी तिने त्या वेळी मिटलेच असते. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा दोघी मिळून सोलत. दाणे गोपिका कुटून देई आणि टरफले चुलीत टाकी, म्हणजे उकिरड्यावर कोणाला दिसायला नकोत. आपल्याच शेतातल्या शेंगांची टरफले लपवताना तिला पहिल्यांदा लाज वाटली, दुसऱ्यांदा राग आला आणि तिसऱ्यांदा तिने ती मुद्दाम अंगणात टाकली.

घरात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे दोघींपैकी कोणी बोट दाखवीत नव्हती. माजघरातल्या उतरंडीत तळाशी एक मातीचा डेरा होता, आणि त्यात कुरडया होत्या.

कुरडया करणे बायकांचे काम. तीन दिवस भिजवलेला गहू वाटायचा, चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, शिजवायचा. आणि मग तो गरम असतानाच लाकडी सोऱ्यात भरून दाबायचा. हे दाबणेच जिवावर येते. चीक थोडा थंडावला की सोऱ्या हलत नाही. त्या गावात चैत्रात प्रत्येक घरी दोन-दोन बायका एका सोऱ्यावर लोंबकळत असत. रायभान मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अंगणात येऊन गोपिकाला म्हणाला होता, "सरक. नांगर दाबतो तसं दाबायचं हाय, त्यात काय?" लोकांनी त्याची टिंगल केली. "रायभानबुवा, चोळी शिवून घ्या," असे पारावरून ओरडणारेही होते. तो हसे आणि दाबत राही. त्याची कुरडई इतरांसारखी गोल बंद होत नसे. शेवटचा धागा तो बाहेर तोडण्याऐवजी उलटा आणून मधोमध टाकी. प्रत्येक कुरडईला बेंबी असल्यासारखी दिसे. बायनाबाई म्हणे, "माझ्या लेकाची कुरडई आंधळ्यानं वळखावी." आता तिला खरोखरच बोटांनी ती ओळखता येत होती.

तळलेली कुरडई तिला चावता येत नव्हती, म्हणून रायभान तिच्या कानापाशी नेऊन ती मोडी. करकर असा आवाज झाला की म्हातारी लहान पोरीसारखी खांदे वर करी. मग तो चुरा तिच्या हातावर ठेवी. तो तिच्या तोंडात विरघळेपर्यंत दोघे काही बोलत नसत.

या चैत्रात त्याने डेराभर कुरडया घातल्या होत्या. आषाढात पटकीने तो एका दिवसात गेला.

आता त्या कुरडया तळायच्या तर कढई चढवावी लागते, आणि दुःखाच्या घरात वर्षभर कढई चढत नाही. वर्ष सरले की भावकीतला वडीलधारा येतो, चुलीवर कढई ठेवून आपल्या हाताने तेल ओततो, आणि मग त्या घराला सणवार मोकळे होतात. रीत अशी एवढीच होती. रायभान तरणाताठा गेला म्हणून आबारावांनी ती वाढवली. या खेपेला एकट्या घरापुरते नाही, साऱ्या भावकीत वर्षभर तळण होणार नाही, असे त्यांनी तेराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितले. लोक म्हणाले, पाटलांना पुतण्याचे केवढे दुःख! गोपिकालाही त्या दिवशी तसेच वाटले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. पुढे त्या भरल्या डोळ्यांचाच तिला जास्त राग येई.

दिवाळी कोरडी गेली. दिवाळीनंतर बायनाबाईने अन्न टाकले. दोन घास कण्या आणि पाणी. अंबडहून आलेल्या हकिमाने नाडी पाहिली आणि गोपिकाला दाराबाहेर बोलावून सांगितले, "दवा का काम नहीं रहा, बाई. जे मागंल ते खायला घाला."

"काय खावं वाटतं, आत्याबाई?" गोपिकाने विचारले.

म्हातारीने भिंतीकडे तोंड केले. मग म्हणाली, "जाऊ दे. तुला बोल लागंल."

"सांगा तर."

"रायभानची कुरडई."

गोपिका त्याच दुपारी आबारावांकडे गेली. सुनेने सासऱ्याच्या नात्यातल्या माणसासमोर उभे राहायचे नाही, म्हणून ती दाराच्या फळीमागे थांबली आणि तिथूनच बोलली.

"मामंजी, आत्याबाईचं खरं न्हाई. एक डाव कढई चढवू द्या. चार कुरडया तळते अन् उतरवते."

"वर्ष झालं का, सूनबाई?"

"आठ महिने बाकी हायेत."

"मंग आठ महिन्यानं ये. मी सोता येऊन तेल घालीन."

"आत्याबाई आठ महिने काढायच्या न्हाईत."

"ते देवाच्या हाती. आपल्या हाती नेम हाय, तेवढा आपण पाळावा." आबाराव सुपारी कातरत होते, कातरायचे त्यांनी थांबवले नव्हते. "वैनीला येवढंच वाटत आसंल तर निखाऱ्यावर भाजून दे. भाजण्याला बंदी न्हाई."

तिने भाजून दिली. निखाऱ्यावर कुरडई अर्धी फुलली, अर्धी करपली. कानापाशी मोडली तर आवाज न होता वाकली. बायनाबाईने तुकडा जिभेवर घोळवला आणि हळूच हातावर काढला.

"सुतळी हाय गं ही," ती म्हणाली. मग सुनेला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाली, "पर मीठ बराबर हाय."

चार दिवसांनी गिरदावर साहेबांचा दौरा आला. गिरदावर म्हणजे तलाठ्यांच्या वरचा महसुली अंमलदार. निजामाच्या त्या अमलात, आणि त्यातही लढाईच्या त्या वर्षांत, त्याचा मुक्काम म्हणजे गावावर रसद. कोणाकडून दूध, कोणाकडून कोंबडी, तेल्याकडून तेल. कोणी 'नाही' म्हणत नसे. आबारावांचा गडी कचरू सकाळीच गोपिकाच्या दारात उभा राहिला. तो माणूस वाईट नव्हता. म्हणून तो जमिनीकडे पाहून बोलला.

"मालकानं कुरडया मागितल्या. रसदीत."

"त्यांच्या घरी न्हाईत का?"

"हायेत. पर साहेबाला गेल्या साली रायभानभाऊच्या आवडल्या होत्या म्हने. नाव काढलं त्यांनी."

गोपिकाला वाटले, साहेब बांधून घेऊन जाणार असतील. तिने उतरंड उतरवून तळचा डेरा बाहेर काढला. वरच्या वर अर्ध्या कुरडया कचरूच्या टोपलीत ठेवताना तिला एकेका कुरडईची बेंबी दिसत होती. मुलीला सासरी पाठवताना माणूस हात आखडता घेत नाही. तिने फुटक्या बाजूला काढल्या आणि अखंड दिल्या.

ऊन माथ्यावर आले. बायनाबाई बाजेवर पडून होती. झुंबरबाई दूध घेऊन आली होती आणि पायथ्याशी बसली होती. इतक्यात भिंतीवरून वास आला. करडईच्या तापल्या तेलाचा, त्यात पडलेल्या पिठाचा. चार महिने त्या आळीत तो वास कोणाला आला नव्हता.

बायनाबाई उठून बसली. चार दिवस जिला कुशीवर वळवायला हात द्यावा लागत होता, ती बाजेच्या कडेच्या दांड्याला धरून आपली आपण उठून बसली. तिचा चेहरा उजळला होता.

"गोपे, चढवली का गं कढई? दिली का आबानं परवानगी?"

गोपिका उंबऱ्यात उभी होती. झुंबरबाईनेच सांगितले, "तुमच्या घरची न्हाई, म्हातारे. पाटलाच्या अंगणात साहेबाचा सैपाकी तळून राह्यलाय."

"काय तळतोय?"

झुंबरबाईने गोपिकाकडे पाहिले. उत्तराची गरज नव्हती. बायनाबाईचा चेहरा हळूहळू विझला आणि ती परत आडवी झाली. "आसू दे," ती म्हणाली. "वास तरी आला."

त्या 'तरी'ने गोपिकाच्या अंगाची लाही झाली. पटकी आली तेव्हा ती देवावर रागावली नव्हती. बैल मिळाले नाहीत तेव्हा ती कोणाला बोलली नव्हती. पण मेलेल्या माणसाच्या हातची वस्तू त्याच्या आईच्या तोंडून काढून साहेबाच्या ताटात वाढायची, आणि आईने वासावर समाधान मानायचे, एवढे सोसायला तिच्यापाशी जागा उरली नव्हती. तिने उरलेल्या कुरडया सुपात ओतल्या.

"बस आत्याबाईपाशी," ती झुंबरबाईला म्हणाली.

"पाटील खवळंल गं."

"खवळू दे."

आबारावांच्या अंगणात चिंचेखाली तीन दगडांवर भलीमोठी पितळी कढई होती. साहेबांचा सैपाकी झाऱ्याने कुरडया उलटत होता. ओसरीवर गिरदावर साहेब जेवायला बसले होते, आणि आबाराव हात बांधून जवळ उभे होते. भावकीतले चार जण खांबांना टेकून होते. गोपिका दाराच्या फळीमागे थांबली नाही. ती अंगणाच्या मध्यावर आली.

"मामंजी, भावकीत तळण बंद हाय ना?"

आबारावांनी आधी साहेबांकडे, मग तिच्याकडे पाहिले. "सूनबाई, घरात जा. नंतर बोलू."

"आताच सांगा. बंद हाय ना?"

"हाय." आणि मग, बोलणे इथेच मिटावे म्हणून, त्यांनी आवाज उतरवून जोडले, "ही कढई आपली न्हाई. सरकारी हाय. साहेबाच्या सामानातली. आपल्या घराण्याची कढई चढलेली न्हाई. नेम मोडला न्हाई कुठं."

भावकीतल्या चौघांनी माना हलवल्या. हे उत्तर त्यांनी सकाळीच घडवून ठेवले असावे; ते इतके गुळगुळीत होते.

"म्हंजे हिला दुःख लागत न्हाई?"

"न्हाई."

"कुरडया माझ्या घरच्या. त्यांना लागत न्हाई?"

"सूनबाई!"

"कढई सरकारी, तेल तेल्याचं, अन् कुरडया मेलेल्याच्या. बिलकुल नेमात हाय सगळं. मंग या कढईत तळलेलं माझ्या घरात चालंल का न्हाई, तेवढं सांगा."

साहेबांचा हात ताटात थांबला होता. त्यांच्या ताटाच्या कडेला एक कुरडई होती. फुललेली, आणि मधोमध उलटून टाकलेला धागा तेलात कुरकुरीत झालेला. "क्या बात है, पाटील? काय पाहिजे या बाईला?" त्यांनी विचारले. आबाराव काही बोलायच्या आत तिच्या हातातल्या सुपाकडे बोट दाखवून सैपाक्यानेच सांगितले की बाईला चार कुरडया तळून हव्यात. साहेब हसले. "इतकंच? तळून दे की. क्या जाता है अपना?"

काय जाते! ज्याला रायभानचे नावही धड ठाऊक नव्हते, त्याने घास चावता चावता जे दिले, ते सख्ख्या रक्ताच्या माणसाने सुपारी कातरता कातरता नाकारले होते. गोपिकाला साहेबांचा उपकार वाटला नाही. तिला त्यांचाही रागच आला.

"साहेबाला न्हाई विचारलं म्या," ती म्हणाली. "मामंजीला विचारलं."

आबारावांनी नकार द्यावा तर सरकारी कढई विटाळलेली ठरत होती, आणि होकार द्यावा तर तेराव्याला सांगितलेला नेम मोडत होता. त्यांनी तोंड फिरवले. गोपिकाने सैपाक्याच्या हातातून झारा घेतला आणि सुपातली पहिली कुरडई तेलात सोडली. ती क्षणभर तळाशी गेली आणि मग चारी बाजूंनी उमलत वर आली.

"पदर," आबाराव दातांतून म्हणाले. तिचा पदर खांद्यावर आला होता.

"दोन्ही हातांना काम हाय, मामंजी," गोपिका म्हणाली.

तिने चारच तळल्या. सुपातल्या बाकीच्या तशाच परत नेल्या. चिमटीने उचलवत नव्हत्या इतक्या गरम कुरडया तिने ओच्यात घेतल्या, आणि पोटाला चटके बसत असताना पाणंदीतून चालत घरी आली. बायनाबाईच्या बाजेवर ती टेकली, आणि एक कुरडई म्हातारीच्या बोटांखाली धरली. बोटे मधोमध येऊन थांबली, धागा चाचपला.

"त्याचीच हाय," ती म्हणाली.

"हां."

"कानापाशी मोड."

गोपिकाने मोडली. म्हातारीचे खांदे वर झाले. पायथ्याशी बसलेल्या झुंबरबाईने तोंडावर पदर धरला; ती रडत होती की हसत होती ते तिला स्वतःलाही सांगता आले नसते. बायनाबाईने चुरा तोंडात टाकला आणि तो विरेपर्यंत कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "तेल जरा कमी तापलं होतं. सरकारी सैपाकी!" आणि त्या घरात त्या दिवशी तिघीजणी खुशाल मोठ्याने हसल्या, भिंतीपलीकडे ज्यांना ऐकायचे होते त्यांनी ते ऐकले.

बायनाबाई पौषात गेली. तोपर्यंत ती रोज थोडे थोडे खात होती, असे सांगून गोष्ट गोड करायची नाही. तिने त्या चार कुरडयांनंतर फारसे काही खाल्ले नाही. तिच्या तिरडीला भावकी आली, कारण तिरडीला न येण्याची हिंमत भावकीत नव्हती. पण आषाढात रायभानचे वर्ष भरले तेव्हा गोपिकाच्या दारी कोणीही आले नाही. तिने अंगण सारवले होते, चूल पोतारली होती. दुपार कलेपर्यंत तिने वाट पाहिली. मग तिने आपली लोखंडी कढई आपल्या हाताने चढवली, आपल्याच हाताने तेल ओतले, आणि रायभानच्या उरलेल्या कुरडया तळून त्यांतल्या अर्ध्या झुंबरबाईकडे धाडल्या.

त्यानंतर तिने एक शिरस्ता पाळला. गावात कोणाच्याही घरी मृत्यू झाला की सुतक फिटलेल्या दिवशी ती डोक्यावर कढई घेऊन त्या घरी जाई आणि विचारी, "कोणाला काय खावं वाटतं?" काही घरांनी दार लावून घेतले. काहींनी शिव्या दिल्या. पण म्हातारी माणसे आतून हळूच सांगत: भजी, एखादी पुरी, गुळाचे घारगे. रीत मोडल्याचा दोष पाहुणीवर ढकलता येत होता, त्यामुळे लोकांची सोय झाली. गोपिकाला ते कळत होते. तिने कोणाकडे आभार मागितले नाहीत आणि कोणाला क्षमाही केली नाही.

पाच वर्षांनी, १९४८च्या उन्हाळ्यात, गावात दिवेलागणीच्या आधीच दारे लागत असत आणि रस्त्यावर अनोळखी माणूस दिसला की पोरे घरात ओढली जात, अशा दिवसांत आबारावांची बायको गेली. चौदाव्या दिवशी सकाळी गोपिका त्यांच्या अंगणात उभी राहिली. ती त्याच चिंचेखाली गेली, तीन दगड मांडले आणि कढई चढवली. भावकी ओसरीवर बसली होती. आबाराव खांबाला टेकून होते. दोन आठवड्यांत माणूस चिपाडासारखा वाळला होता. बायकोच्या हातची कुठली तरी गोष्ट त्यांना आठवत असणार. गोपिकाला ती कोणती ते ठाऊक नव्हते. तिने आपल्या घरच्या कुरडया आणल्या होत्या, सोऱ्यावर स्वतः लोंबकळून घातलेल्या, प्रत्येकीला मधोमध उलटा धागा.

तेल तापले.

"ही कढई सरकारी न्हाई, मामंजी," ती म्हणाली. "माझी हाय. दुःखाच्या घरची. चालंल का?"

आबारावांनी मान वर केली. त्यांचे डोळे तिच्या हातातल्या कुरडईवर खिळले होते. ते पुटपुटले.

"चालंल."

"मोठ्यानं म्हणा," गोपिका म्हणाली. "भावकीला ऐकू गेलं पाहिजे."

तेलातून धूर निघू लागला होता, तरी ती थांबली.

"चालंल!" आबाराव ओरडून म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला.

मग तिने कुरडई सोडली.